मेडिकलचा फ्रिज

"भात सोडला, चहा बिनसाखरेचा केला, आंब्याकडं तर बघत पण नाय. तरी मेली साखर उतरत नाय." मेडिकलच्या काउंटरला टेकून कौसाबाई पुटपुटत होती, कुणाला असं नाही, समोरच्या खोकल्याच्या बाटल्यांना.

"चोरून खातात," सून स्वप्नाली म्हणाली, अख्ख्या हेंद्रेपाड्याला ऐकू जाईल अशी. "डॉक्टर पण तेच बोलले. डब्यांना कुलूप घातलंय मी आता."

कौसाबाईनं मान खाली घातली.

काउंटरमागे किर्तीची कानशिलं तापली. फार्मसी शिकलेली दुकानात ती एकटीच. तिचं सर्टिफिकेट फ्रेम करून गणपतीशेजारी टांगलेलं, आणि मानही गणपतीएवढाच: सकाळी उदबत्ती, मग दिवसभर कुणी विचारत नाही. मालक कमळाकरशेठ दुपारी आणि रात्री शटर ओढताना मेन स्विच पाडून जायचे. रविवारी तर दिवसभर. वर पत्रा, बाहेर बदलापूरचा उन्हाळा, आणि बंद फ्रिजमध्ये उकडून निकामी होत पडलेलं इन्सुलिन. तिनं सांगून पाहिलं होतं. "लाइटचं बील तुझ्या सासऱ्याकडं पाठवू का?" शेठ हसले होते. माल पोचवणाऱ्याला हे ठाऊक होतं, शेजारच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरलाही. पण शेठ माणूस गोड, अडीअडचणीला धावणारा. सगळे गप्प. किर्तीही.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आज कौसाबाईचा इन्सुलिनचा डोस जवळजवळ दुप्पट झाला होता.

"ताजा माल आलाय," शेठ बर्फाचं खोकं उघडत म्हणाले. "आजींना यातलं दे. झालं तुझं समाधान?"

म्हणजे तिनं तोंड मिटायचं आणि म्हातारीला चांगलं औषध मिळायचं. किर्तीनं बाटली उचललीसुद्धा. मग चिठ्ठीवरचा आकडा पुन्हा दिसला. डॉक्टरांनी तो वाढवला होता मेलेल्या औषधाच्या हिशोबानं. हे जिवंत औषध तेवढंच टोचलं, तर साखर अशी कोसळेल की म्हातारी सकाळी उठायची नाही.

तिनं बाटली खाली ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला.

"द्या ना ताई, रिक्षा उभी आहे," स्वप्नाली म्हणाली.

"किर्ती," शेठ हळूच म्हणाले, "गिऱ्हाईक आहे."

"आजी, डॉक्टरांना परत विचारल्याशिवाय हे टोचायचं नाही." किर्ती रागानं म्हणाली. "तुम्ही चोरून काही खात नाही. आमचा फ्रिज बंद असतो. शेठ तुम्हाला खराब औषध विकतायत, आणि ते मी माझ्या हातानं देतेय."