प्रेमिलाची निळी फाईल

प्रेमिला गेल्याचं कळलं तेव्हा मी गोंदियाजवळ मुर्रीला, आमच्या गावी, बांधीत म्हणजे धानाच्या शेतात कापलेल्या कडपा उलटवत होतो. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. दुपारी लेस्टरहून जशुबेनचा फोन आला. जशुबेन म्हणजे इंग्लंडातली आमची शेजारीण, प्रेमिलाच्याच गावची, दमणची. ती आधी रडली आणि मग बोलली. प्रेमिला सकाळच्या पाळीला गेली होती. सँडविचच्या कारखान्यात पट्ट्यापुढे उभी असताना खाली पडली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी विचारलं, सोनिका कुठे आहे. ती म्हणाली, शाळेत आहे, तिला अजून सांगितलं नाही.

माझा मोठा भाऊ जागेश्वर शेताच्या धुऱ्यावरून पाहत होता. काय झालं म्हणून तो जवळ आला. मी फोन त्याच्या हातात दिला. पण जशुबेन गुजरातीत बोलत होती, त्याला काही समजलं नाही. शेवटी मलाच सांगावं लागलं.

आम्ही तिकडे कसे गेलो ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. नव्व्याण्णव साली मी दमणला प्लास्टिकच्या कारखान्यात कामाला गेलो. प्रेमिला तिथे पॅकिंगला होती. तिथेच लग्न केलं, तिथेच सोनिका झाली. दमण एकसष्ट सालापर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं आणि प्रेमिलाचे वडील त्याच्या आधी तिथे जन्मलेले, म्हणून तिला पोर्तुगालचं नागरिकत्व मिळालं, मग मुलीलाही. दमणची कितीतरी घरं अशीच इंग्लंडला गेली आहेत. प्रेमिलाने पोर्तुगाल कधी पाहिलं नाही. मुर्रीत लोक मला थांबवून विचारायचे, तुझी पोर्तुगीज बायको पोळ्या लाटते का. ती हे ऐकून खूप हसायची.

दोन हजार सातला आम्ही लेस्टरला गेलो. ती युरोपची नागरिक म्हणून तिला तिथे काम करता येत होतं आणि मी तिचा नवरा म्हणून माझ्या पासपोर्टात पाच सालांचा शिक्का मारून दिला होता. पाच सालं सलग काम करून राहिलं की तिथे कायम राहण्याचा हक्क लागतो, तिलाही आणि मलाही. पण हक्क लागला असं नुसतं म्हणून भागत नाही. अर्ज करून त्याचा कागद मागावा लागतो आणि त्याला पुरावे लागतात. पगाराच्या चिठ्ठ्या, घरभाड्याची पत्रं, बँकेचे कागद, सगळे मूळ. प्रेमिला पहिल्या दिवसापासून ते एका निळ्या फाईलमध्ये लावत होती. मला हात लावू देत नसे. फोनवर मायला सांगायची, इथे कागद नसला तर कोणी उभंही राहू देत नाही. माय तिकडून हाव हाव म्हणायची.

दोन हजार बाराला पाच सालं भरली. त्याच पावसाळ्यात माय अंगणात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं, म्हणून मी एकटाच इकडे आलो. सोनिकाची शाळा होती आणि प्रेमिलाला सुट्टी नव्हती. माझा पासपोर्ट संपत आला होता, तो नागपूरला नव्यासाठी दिला. ठरलं होतं की नवा पासपोर्ट आला की मी परत जाईन आणि दोघं मिळून अर्ज टाकू. तेवढ्यात तो फोन आला. माझ्या हातात पासपोर्टच नव्हता. प्रेमिलाचं दहन दमणच्या माणसांनी तिथेच केलं. मी इकडे आंघोळ केली आणि ओसरीत बसून राहिलो.

पासपोर्ट हातात आला तोवर जुन्यातला शिक्का संपला होता. आता मला तिथे जायचं तर हक्क सिद्ध करून जायचं होतं.

सोनिका तेव्हा नऊ सालांची. थोडे दिवस जशुबेनने तिला ठेवलं, पण जशुबेन एका खोलीत राहते आणि रात्रपाळी करते. तिथल्या सरकारी बायांनी येऊन पाहिलं आणि पोरीला एका अनोळखी घरी नेऊन ठेवलं. माणसं चांगली आहेत म्हणतात. पण कायमचं कुठे ठेवायचं ते तिथलं कोर्ट ठरवणार होतं. फुकट सल्ला देणारी एक वकील बाई जशुबेनने शोधली. ती फोनवर हळूहळू, मला समजेल असं बोलली. म्हणाली, तुम्ही बाप आहात हे कोणी नाकारत नाही. पण तुम्हाला इथे राहण्याचा हक्क आहे हे आधी दाखवा. बायको वारली तरी तिची पाच सालं भरलेली असतील तर तुमचा हक्क जात नाही. तिचे कागद आहेत ना? मी म्हणालो, आहेत. सगळे लावलेले आहेत.

प्रेमिलाचा मामेभाऊ हसमुखभाई तेव्हा इंग्लंडातून दमणला यायचा होता. त्याच्या हाती जशुबेनने अस्थी, प्रेमिलाची एक बॅग आणि ती फाईल पाठवली. तो दमणहून रेल्वेने गोंदियाला आला. अस्थी एका तपकिरी प्लास्टिकच्या बरणीत होत्या, तिला फिरकीचं झाकण होतं आणि वर छापील नाव चिकटवलेलं होतं. मायने ती बरणी पाहिली आणि म्हणाली, हे त लोणच्याची बरणी दिसते रे. मग तिने पदर तोंडाला लावला.

दुसऱ्याच दिवशी वैनगंगेवर जायचं होतं, आधीच फार दिवस झाले होते. आमच्याकडे अस्थींसोबत गेलेल्या माणसाचं एक लहान गाठोडं देतात. लुगडं, बांगड्या आणि त्याच्या जिवाची एखादी वस्तू. बाबा गेले तेव्हा त्यांचा तंबाखूचा डबा दिला होता. हे गाठोडं घरातल्या बाया बांधतात, माणसं त्यात पाहत नाहीत. मायला खाटेवरून उठता येत नव्हतं, पण तिने वहिनीकडून एकेक वस्तू मागून स्वतःच्या हाताने बांधलं. मी बाहेर हसमुखभाईसोबत बसलो होतो.

तिरोड्याच्या पुढे नदीवर आम्ही सकाळी पोचलो. मी बरणी पाण्यात रिकामी केली. गाठोडं जागेश्वरने मधल्या धारेत सोडलं. ते वाटलं त्यापेक्षा जड होतं, लवकर बुडालं. जागेश्वर म्हणाला, चांगलं झालं, तरंगत राहिलं नाही.

संध्याकाळी हसमुखभाईला गाडीत बसवून मी घरी आलो आणि फाईल काढायला बॅग उघडली. बॅगेत स्वेटर होता, चपला होत्या. फाईल नव्हती. वहिनीला विचारलं तर ती मायकडे पाहू लागली.

माय म्हणाली, "ते तिच्यासंग देली."

मी म्हणालो, "काय देली?"

"तिची फाईल. लुगड्यात गुंडाळून देली."

मी खाली बसलो. "काऊन देली, माय?"

"काऊन म्हणजे? तीच त सांगत होती ना फोनवर, बिना कागदाचं कोणी उभं राहू देत नाही म्हणून. पाच साल जमवून राहिली होती बिचारी. आता एकटीच नव्या जागी गेली. तिथं कोणी पुसलं त काय दाखवल?"

वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "मले वाटलं तिचेच कागद होत. तिचाच फोटू होता वर."

मायला वाचता येत नाही. तिने आयुष्यात कागदावर अंगठ्याखेरीज काही उमटवलं नाही. तिने सुनेसाठी जे करता येईल ते केलं होतं. मला ओरडायचं होतं, पण कोणावर ओरडायचं ते कळत नव्हतं. थोड्या वेळाने मायच्या ध्यानात आलं की काहीतरी बिघडलं. तिने विचारलं, तुले ते लागत होतं का रे? मी म्हणालो, नाही.

पहाटेच मी मोटारसायकल काढली आणि नदीवर गेलो. केशोराव नावाचा ढिवर तिथे डोंग्यातून जाळी काढत होता. काय पडलं म्हणून त्याने विचारलं. त्याला वाटलं सोनं असेल. मी म्हणालो, कागद.

"कागूद?" तो म्हणाला. "मंग आतावरी मासोळ्याइनं वाचून टाकले असतीन भाऊ."

मी हसलो नाही. मग त्याने आपल्या पोरांना हाक मारली आणि दुपारपर्यंत ते बुड्या मारत राहिले. पैसे घ्यायला तयार नव्हता. दुपारी खालच्या अंगाला एका जाळ्याच्या खुंटाला प्रेमिलाचं हिरवं लुगडं अडकलेलं सापडलं. गाठ सुटली होती. आत एकच बांगडी होती. केशोरावने ते पिळून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, घरी नेऊ नको, देलेलं माघारी नेत नाही. मी ते घडी करून परत पाण्यात सोडलं आणि फाईलसाठी अजून एकदा बुडी मारायला सांगितलं. त्याने मारली.

मग मी कागद पुन्हा जमवायला निघालो. गोंदियाच्या सायबर कॅफेत बसून प्रेमिलाच्या कारखान्याला लिहिलं. तिला कामाला लावणारा ठेकेदार वेगळाच होता आणि त्याची कंपनी बंद झाली होती. घरमालकाला जशुबेन स्वतः जाऊन भेटली. तो भाडं हातात घ्यायचा. पत्रं त्याने प्रेमिलाच्या आग्रहामुळे लिहून दिली होती, आता म्हणतो मला आठवत नाही. बँक म्हणते, खातं तिच्या नावाचं, वारस असाल तर सिद्ध करा. तिथल्या कर खात्याकडे सगळी सालं असणार, पण तेही वारसालाच देतात.

म्हणून मी वारस दाखल्यासाठी तहसीलच्या कचेरीत गेलो. तिथे अर्ज घेणारा मुन्नालाल ओळखीचा आहे. त्याने माझं सगळं ऐकलं. मी लिहून नेलेला कागद उलटासुलटा पाहिला. त्यावर वकील बाईच्या शब्दांत लिहिलं होतं, कायम राहण्याच्या हक्काचा पुरावा.

"मुर्री का निवासी दाखला चाहिए, तो शाम तक बना देता हूँ," तो म्हणाला. "तुम तो यहीं के हो, इंदरलाल भाऊ. विलायत का हम कहाँ से दें?"

मी त्याला समजावलं की मला फक्त वारस दाखला हवा आहे. तो म्हणाला, मृत्यू परदेशात, लग्न दमणला, बायको पोर्तुगालची. हे आमच्या कोणत्याच साच्यात बसत नाही, दिवाणी कोर्टात जा. कोर्टातल्या वकिलाने तारीख सांगितली ती उन्हाळ्याची होती. तिकडे सोनिकाच्या कोर्टाची तारीख त्याच्या आधी होती.

रविवारी सोनिकाला फोन करू देतात. पहिल्या वेळी ती खूप बोलली. आता ती मराठी शोधत शोधत बोलते आणि शब्द सापडला नाही की थांबते. मागच्या रविवारी तिने आजीच्या पायाचं विचारलं, म्हशीचं विचारलं. मग म्हणाली, "बाबा, मम्मीची फाईल आली ना? मीच काढून दिली होती हसमुखमामासाठी. मम्मीने सांगितलं होतं, ती फाईल असली की तू येऊ शकतो."

मी म्हणालो, "आली."

"मग तू कधी येतो?"

मागे एका बाईचा आवाज आला, जेवायला बोलावत होती. सोनिका तिला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. मला ते इंग्रजी समजलं नाही, फार भरभर होतं. मग तिने विचारलं, हॅलो, बाबा, आहेस का. मी म्हणालो, आहे, तू जेव.

माय आता काठीने चालते. रोज विचारते, पोरगी कधी येते. जागेश्वर म्हणतो, तिला इकडेच बोलावून घे, भात तर आहे घरात. मी वकील बाईला तेही विचारलं. ती म्हणाली, तेही कोर्टच ठरवेल आणि कोर्ट तुम्हाला समोर हजर राहायला सांगेल.

अर्ज मी भरला आहे. माझं नाव, तिचं नाव, पाच सालांचा पत्ता, सगळं. पुरावे जोडलेले नाहीत, म्हणून तो अजून पाठवलेला नाही.