शाळेने केलेला दुष्काळ

देवकाबाईंनी आपल्या लेकीला, नलूला, पुलगावला दिलं, ते १९८३ साल. उन्हाळ्यात लग्न झालं आणि दिवाळी सरल्यावर गावच्या शाळेने दुष्काळ साजरा केला. साजरा हाच शब्द बरोबर आहे.

कल्पना हेडमास्तर किसनरावांची. बहात्तर-त्र्याहत्तरचा दुष्काळ पोरांनी पाहिला नाही, तर तो त्यांना करून दाखवावा. हेतू वाईट नव्हता, पण किसनरावांना कुठलीही गोष्ट हारतुऱ्याशिवाय करता येत नसे. पोरांनी फाटक्या कपड्यांत यायचं ठरलं. आयांनी चांगले कपडे फाडून दिले. वावटळीसाठी सिंदी गावच्या कापसाच्या जिनिंगमधून धुळीची दोन पोती आणली आणि मांडववाल्याकडून मोठा पंखा. दुष्काळात सरकारकडून पोरांसाठी यायची ती गूळपिठाची सुकडी आता शिजणार होती साजूक तुपात. अशी सुकडी तेव्हा मिळाली असती तर लोकांनी दुष्काळाला जाऊच दिलं नसतं.

आणि पाहुणे कोण, तर रूपराव मालक. दुष्काळात गाव त्यांनी जगवलं, असं ते स्वतःच सांगत, आणि खोडून काढायच्या भानगडीत कोणी पडत नसे. म्हणून सुकडी त्यांच्याच हातून वाटायची. बदल्यात चौथीच्या वर्गावर छपराच्या टिना, म्हणजे पत्रे, टाकून द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं.

देवकाबाई यावर हसल्या असत्या आणि वावरात निघून गेल्या असत्या. पण संध्याकाळी नात गुलाब घरी आली, आरशासमोर हात जोडून म्हणाली, "मालक, तुमी नसते तं आमी मेलो असतो," आणि खाली वाकली.

"कोनाच्या पाया पडून राह्यली व?"

"मालकाच्या. नाटकात मी भुकेली पोरगी हाये. गुरुजीनं मलेच निवडलं, आजी!"

देवकाबाई चुलीपाशी बसून राहिल्या. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सारा गाव रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडत होता. दुपारी वावटळ उठली की शेजारचा माणूस दिसत नसे, आणि तोंडातली माती थुंकायला थुंकी नसे. पोरांसाठी आलेली सुकडीची पोती रूपरावांच्या गोदामात उतरत. कामावर पोचायची मूठमूठ. बाकीची जायची त्यांच्या कोठ्यात, म्हशींच्या गव्हाणीत. गावची जनावरं हाडांचे सापळे झाली होती आणि मालकाच्या म्हशी तेल लावल्यासारख्या चमकत होत्या. देवकाबाईंचा धाकटा, सात वर्षांचा नत्थू, गिट्टीच्या ढिगाजवळ भुकेने पडला तो उठला नाही. त्याचीच पुतणी आता त्या माणसाच्या पाया पडणार होती.

सकाळी त्या शाळेत गेल्या. "गुरुजी, माह्या पोरीले त्याच्या पाया पडाले लावू नका."

"जुनं उकरून काय मिळतं, देवकाबाई? टिना येऊन राह्यल्या."

"जुनं तं तुमीच उकरून राह्यले. पंखा लावून."

"पोरांना शिकवायचं आहे."

"मंग पुरं शिकवा."

किसनरावांनी हात जोडले. ते कोणालाही हात जोडत, म्हणून त्यांच्या हात जोडण्याचं कोणाला काही वाटत नसे.

कार्यक्रमाच्या दिवशी पंखा उलटा लागला. सगळी वावटळ पाहुण्यांच्या अंगावर गेली. रूपराव खोकून खोकून लाल झाले, पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि टाळ्या आपल्यासाठीच असं समजून ते हात हलवत राहिले. मग सुकडीचा गंज, हे भलंमोठं पातेलं, पुढे आला. मालकांनी पळी उचलली. रांगेत गुलाब पहिली, हात जोडून.

तेवढ्यात फाटकातून देवकाबाई आत आल्या. हातात दोर, दोराला शेजारच्या रामाजीची म्हैस. पोरं बाजूला झाली. गुळाचा वास लागला तशी म्हैस सरळ गंजाकडे चालली.

"हे काय लावलं? हाकला तिले!" रूपराव ओरडले.

"काऊन जी, मालक?" देवकाबाई म्हणाल्या. "नाटक दुष्काळाचंच हाये ना? मंग आधी हिले वाढा. तवा पयला नंबर हिचाच होता. पोरं मागून."

मागे बसलेली धुरपता फिसकन हसली. मग तिच्या बाजूच्या बाया हसल्या. गिट्टी फोडलेल्या बाया त्या. रूपरावांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. म्हशीने गंजात तोंड घातलं.

"आजी, म्हैस पयले काऊन?" गुलाबने विचारलं.

देवकाबाईंनी तिथेच, सगळ्या शाळेसमोर सांगितलं. गोदाम, गव्हाण, नत्थू, सगळं. आवाज चढवला नाही. किसनराव "पुढचा कार्यक्रम, पुढचा कार्यक्रम" म्हणत राहिले, पण पुढचा कार्यक्रम कोणालाच ऐकायचा नव्हता. गुलाबने जोडलेले हात सोडले, पाठ केलेलं वाक्य तिने गिळलं, आणि जाऊन आजीच्या हातातला दोर धरला.

टिना आल्या नाहीत. चौथीचा वर्ग कडुलिंबाखालीच भरत राहिला. एका म्हशीपायी शाळेचं छप्पर गेलं, असं किसनराव भेटेल त्याला सांगत. सांगताना आवाज मात्र इतका मोठा ठेवत, की रूपरावांच्या घरापर्यंत जावा. गुलाब त्या झाडाखालीच चौथी पास झाली.

रूपराव १९८५ च्या पावसाळ्यात वारले. देवकाबाई १९८८ च्या माघात.