पारावरून उतरवलेली आत्या

विकासने सर्व्हरच्या पंख्यात अडकलेलं पालीचं पिल्लू चिमट्याने ओढून काढलं, तेवढ्यात ओटीवर नामाभाऊंच्या वहाणा वाजल्या. नामाभाऊ गावकीचे अध्यक्ष. ते सहसा कुणाच्या घरी जात नसत, लोकच त्यांच्याकडे जात. म्हणून विकासने आधी पिल्लू खिडकीबाहेर सोडलं, मग हात पुसले आणि मग "या" म्हटलं. घाबरायला तेवढा वेळ पुरला.

नामाभाऊ खुर्चीत बसले आणि कोपऱ्यातल्या जाळीच्या कपाटाकडे बघत राहिले. आई होती तोवर त्या कपाटात दूध-दही असायचं. आता तिथे एक काळा डबा हिरवा दिवा लावून घरघरत बसला होता. जाळीतून हवा खेळते आणि मांजर आत शिरत नाही, सर्व्हरला यापेक्षा जास्त काही लागत नाही, असं विकासचं मत होतं.

"हेच का ते?"

"हेच."

"आन् सगळा गाव ह्याच्यात?"

"गाव गावातच हाय, भाऊ. ह्याच्यात नुसतं बोलणं."

कडावच्या अलीकडच्या खैरपाड्याला खरा पार होता, पण रस्ता रुंद होताना तो पिंपळासकट गेला. त्यानंतर गाव फोनवरच्या ग्रुपात बोलू लागलं. निवडणूक आली तशी त्या ग्रुपाची तीन शकलं झाली. तेव्हा कर्जत स्टेशनाजवळच्या दुकानात कंप्युटर दुरुस्त करणारा विकास म्हणाला, आपलं बोलणं परक्याच्या गोदामात कशाला, आपण आपल्या घरात ठेवू. डबा आला, त्याचं नाव 'पार' पडलं. कुणाची शेळी हरवली, कुणाचा टेंपो कर्जतला रिकामा चाललाय, लाईट कधी जाणार, सगळं पारावर येऊ लागलं. माथेरानच्या घोडेवाल्यांचा डबा वेगळा, लोधिवलीच्या एका दोस्ताचा वेगळा, तरी इकडचं तिकडे ऐकू यायचं. "प्रत्येकाचं घर वेगळं, खिडक्या समोरासमोर," असं विकासने देवळात समजावून सांगितलं होतं. लोकांनी माना डोलावल्या होत्या.

नामाभाऊ म्हणाले, "सुंदराला पारावरून उतरव."

सुंदरा ही विकासची सख्खी आत्या नव्हे. ती अख्ख्या गावाचीच आत्या. नवरा गेल्यापासून म्हशींवर घर चालवणारी. गेल्या आठवड्यात तिने पारावर तळ्याच्या बांधाचा फोटो टाकला. बांधावर लाल रंगाच्या खुंट्या ठोकलेल्या दिसत होत्या. खाली लिहिलं होतं, 'ह्या खुंट्या कोनी ठोकल्या?' पलीकडच्या फार्महाऊसवाल्यांना तळं बुजवून रस्ता हवा होता आणि नामाभाऊंनी त्यांना शब्द दिला होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त विचारलं कुणी नव्हतं.

मग गावकी बसली. कायदा आल्यापासून गावकी कुणाला वाळीत टाकत नाही. फक्त कुणी त्या माणसाशी बोलत नाही, त्याचं दूध घेत नाही, त्याच्या दारात जात नाही. आणि हे सगळं आपोआप होतं, एकाच दिवसापासून.

"रविवारी सभा हाय. त्याच्या आत उतरव," नामाभाऊ उठले. दारात थांबून त्यांनी विचारलं, "धाऊतात्यांची तब्येत कशी हाय?"

"हाय तशीच."

"जपा. म्हातारं माणूस. येळ काय सांगून येत नाय, आन् येळेला चार माणसं लागतात रं."

हे त्यांनी अगदी मायेने म्हटलं. त्यांचा चेहराच तसा होता. ते गेल्यावर विकासच्या लक्षात आलं की चिमटा अजून आपल्या हातात आहे.

पडद्यामागच्या खाटेवरून विकासचे वडील, धाऊतात्या बोलले. त्यांचे पाय गेले होते, कान शाबूत होते.

"मला खांदा नाय द्यायचा म्हनतो का रं नामा?"

"तसं नाय बोलले ते."

"टेंपो कर. मला तसापन पुढं बसायला आवडतं."

विकासची बायको संध्या हसली नाही. ती तांदूळ निवडत होती. "वरच्या आळीतली म्हातारी गेली तवा काय झालं, इसरलात का?" ती म्हणाली. "त्यांच्याशीपन बोलनं बंद होतं. दुपारपत्तुर पोरगा दारात उभा. बदलापूरवरनं पावनं आलं तवा उचलली." मग तिने सुपातला एकच खडा बराच वेळ शोधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदराआत्या मागच्या दाराने आली. हातात दुधाची मोठी किटली होती, रिकामी.

"तुला काढाया सांगितलंय ना मला? काढ. मी काय रुसनार नाय," ती म्हणाली. "पन तो जुना डबा पडलाय तुझ्याकडं, तो दे."

"कशाला?"

"देवळात तूच बोललास ना, घर येगळं, खिडक्या समोरासमोर. मला माझं घर पायजेल."

त्या दिवशी देवळात ऐकणारं एक तरी माणूस होतं, हे विकासला आत्ता कळलं आणि आनंद व्हायच्या आत भीती वाटली. जुना डबा जेवणाच्या डब्याएवढाच होता. पण तो कुणाकडून गेला हे समजलं की उद्यापासून या दारातही कुणी येणार नव्हतं. पडद्यामागे तात्या खोकले. विकास पुढच्या दाराकडे बघू लागला.

संध्या उठली. तिने माळ्यावरून डबा काढला, पदराने पुसला आणि विकासच्या समोर ठेवला.

"तासाभरात होतं का बगा," ती म्हणाली. "चुलीवर भात हाय."

विकासने डबा तयार केला. आत्याला सगळं दाखवलं, तिच्या फोनवरचं खातं तिच्या नव्या घरात हलवलं. गावात ज्यांना ज्यांना तिचं ऐकू येत होतं, ते तिच्यामागोमाग आपोआप नव्या घराशी जोडले गेले. त्यासाठी कुणाला बोटही उचलावं लागलं नाही. संध्याने डबा किटलीत ठेवला आणि वर फडकं कोंबलं.

"वाटंत कोनी इचारलं तर गं, आत्या?"

"कोन इचारतंय? माझ्याशी बोलनं बंद हाय," आत्या म्हणाली आणि किटली कमरेवर घेऊन भर रस्त्याने गेली.

रविवारी देवळात सभा भरली. विकासने उभं राहून सांगितलं, "सुंदराआत्या आता पारावर नाय." ते खरंच होतं. माणसं निवांत झाली. मग नामाभाऊंनी आपला फोन वर धरला. पडद्यावर त्याच लाल खुंट्या होत्या, फोटो सकाळचाच.

"मंग ही काय?"

"ती तिच्या घरातनं बोलते, भाऊ. पारावर नाय."

"मंग हितं कशी दिसते?"

"तुमी ऐकताय म्हणून."

देवळात कुणीतरी घसा साफ केला. नामाभाऊंनी फोन खाली ठेवला, पालथा.

"डबा कोनी दिला तिला?"

"कर्जतच्या बाजारात मिळतात तसले," विकास म्हणाला. हेही खरं होतं. फक्त ते या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

नामाभाऊंनी पालथा फोन बाजूला सारला. "बरं. तिचं दार आपल्याकडनं लावता येतं का नाय, तेवढं सांग."

येत होतं. एका ओळीचं काम होतं. विकासला खाट आठवली, तात्यांचे बारीक झालेले पाय आठवले. 'येतं' एवढं म्हटलं की तो सुटत होता.

"येतं," तो म्हणाला. मग त्याचं त्यालाच ऐकू आलं, "पन गावकीचा निर्णय सगळ्यांचा. माझ्या एकट्याच्या हातानं झाला तर गावाचा मान कुठं ऱ्हायला? ज्यानं त्यानं आपलं आपलं लावावं. फोटोच्या वर तीन टिंबं हायत, तिथं दाबायचं."

यावर नामाभाऊंना नाही म्हणता येईना. गावाच्या मानाची गोष्ट होती. "काढा रं फोन," ते म्हणाले.

फोन निघाले. नामाभाऊ एकेकाला नाव घेऊन विचारू लागले. "नवीन?" "दाबलं." "सोनाली?" "दाबलं." एका म्हाताऱ्याने चष्मा घरी राहिला म्हणून फोन शेजारच्या अक्षयकडे दिला, "माझंपन तूच दाब रं." अक्षयने दोन्ही फोनांवर मान घातली आणि सांगितलं, "दोनी दाबले." जो तो आपला पडदा छातीशी धरून होता, पत्त्यांच्या डावात धरतात तसा. नामाभाऊंनी स्वतःचाही दाबला, हात लांब करून, सगळ्यांना दिसेल असा.

"विकास?"

विकासने अंगठा खाली आणला. "दाबलं."

खरं कुणी दाबलं आणि कुणी नाही, हे कपाटातल्या डब्यात बघितलं असतं तर कळलं असतं. विकासने बघितलं नाही. दुसऱ्याच्या फटीत डोळा लावायचा नाही, असा पाराचा एकच नियम होता आणि तो त्यानेच लिहिला होता. शिवाय, सगळ्यांनीच दाबलं असेल तर ते समजून घेण्याची त्याला घाई नव्हती.

सोमवारी सकाळी तो तात्यांना चहा पाजत होता, तेव्हा फोन थरथरला. तळ्याचा बांध, त्यावर पिवळं यंत्र. खाली दोन शब्द, 'जेसीबी आला.'

त्याला ते दिसलं, कारण देवळात त्याचा अंगठा काचेच्या केसभर वर थांबला होता. आता त्या केसाचा हिशेब देणं आलं. तळ्यावर जायचं म्हणजे आपण ऐकत होतो हे गावासमोर कबूल करायचं. जेसीबीसमोर एक आत्या आणि एक आपण, एवढीच माणसं असली की संध्याकाळपर्यंत आपल्यावरही गावकीचा निर्णय. त्याने कप खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

तात्यांच्या उशीखालीही फोन होता. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला.

"जा की," ते म्हणाले.

"तात्या, पुढं काय झालं तर..."

"जा म्हनतो ना. तेवढ्यात काय मी मरत नाय."

संध्या दारात उभी होती. तिने खुंटीवरचं वायरचं भेंडोळं काढून त्याच्या खांद्यात अडकवलं. "लाईन बगाया चाललो म्हना," ती म्हणाली आणि स्वतःच्या चपला शोधू लागली.

आळी ओस होती. एरवी या वेळी ओट्यांवर दात घासणारी, भांडी घासणारी माणसं असत. आज दारं नुसती लोटलेली. सगळ्यांनी दाबलं, विकासच्या मनात आलं. पण संध्या मागून येत होती, त्यामुळे थांबता आलं नाही. देवळाचा कोपरा वळला आणि तो थांबलाच.

बांधावर माणसं होती. एकत्र नव्हती. जो तो एकटाच, हातभर अंतर सोडून, आपापल्या कामाने आल्यासारखा. घरात नळ आल्यापासून तळ्यावर कुणी धुणं नेत नव्हतं, तरी सोनाली धुण्याची बादली घेऊन उभी होती. अक्षयच्या तोंडात ब्रश होता. चष्मेवाला म्हातारा आज चष्मा लावून आला होता. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळ्यांच्या पुढे, यंत्राच्या फावड्यापासून दहा पावलांवर, सुंदराआत्या. तिच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. गावकीचा निर्णय तंतोतंत पाळला जात होता.

विकास एका मोकळ्या जागी उभा राहिला आणि वरच्या तारांकडे बघू लागला.

नामाभाऊ मोटारसायकलवरून आले. मागे त्यांची बायको चिमाकाकी बसली होती.

"काय हाय हितं?" त्यांनी नवीनला विचारलं.

"वासरू शोधतोय."

नवीनकडे वासरू नव्हतं, गायही नव्हती. कुणी हसलं नाही.

"आन् तू?"

अक्षयने ब्रश काढला. "त्याचंच."

"तू रं?"

"लाईन बगतोय," विकास म्हणाला. त्याचा आवाज बरा निघाला.

"बाजूला व्हा. गाडीला जाऊ द्या."

कुणी नाही म्हटलं नाही. कुणी हललंही नाही. यंत्राचा ड्रायव्हर परप्रांतातला होता. त्याने वरून हाक मारली, "सेठ, बात किससे करने का?" त्याने आत्याकडे पाहिलं, मग बांधावरच्या ओळीकडे पाहिलं, आणि कुणाला तरी फोन लावला. "पूरा गाँव खड़ा है, साहब. नहीं, झगड़ा नहीं. कोई कुछ बोलताच नहीं. मेरे को डर लगता है." थोडा वेळ त्याने पलीकडचं ऐकून घेतलं आणि इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. पाण्यात बेडूक उडी मारतो तेही ऐकू आलं.

सुंदराआत्याने कमरेचा फोन काढला, पाठ न वळवता एका बोटाने काहीतरी लिहिलं. बांधावरून एक थरथर गेली, खिशांतून, कनवटींतून, सोनालीच्या बादलीतूनसुद्धा. फोन कुणी बाहेर काढला नाही. सगळे पाण्याकडे बघत राहिले. नामाभाऊंचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

विकासने वायरच्या भेंडोळ्याआडून हळूच पाहिलं. 'दूध उरतंय. चहाला या.'

मग चिमाकाकीने पदर खोचला आणि सुंदराआत्याच्या घराची वाट धरली.

"कुठं चाललीस गं?" नामाभाऊंनी विचारलं.

"वासरू तिकडंच गेलं असंल," काकी म्हणाली. ती थांबली नाही.