तपासणी चालू आहे

खोडकाढेने मुख्य केबल पुन्हा एकदा उपटली, तिच्या टोकातल्या पिना भिंगाखाली धरल्या आणि पुन्हा एकदा त्याला काहीच सापडलं नाही. ना जळल्याचा डाग, ना एखादी सैल पिन. त्याने केबल परत खोचली. खट्ट असा घट्ट, समाधानी आवाज आला. त्या आवाजाचाही आता त्याला राग येऊ लागला होता.

टेबलावरचा पॉवर सप्लाय दोन विटा शेजारी ठेवाव्यात एवढा होता. डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या पोटात बसायचं, भिंतीतून वीज घ्यायची आणि आतल्या प्रत्येक भागाला त्याच्या त्याच्या मापाने वाढायची, एवढंच त्याचं काम. हा मॉड्युलर जातीचा होता, म्हणजे केबली अंगाला कायमच्या चिकटलेल्या नाहीत. लागतील त्या खोचायच्या, उरतील त्या पिशवीत ठेवून द्यायच्या. खोडकाढेने त्याच्यावर पूर्ण भार टाकून पाहिला, अर्धा टाकून पाहिला, अचानक टाकून अचानक काढून पाहिला. गरम पेटीत ठेवून त्याला दिवसभर शिजवलं. पडद्यावरची व्होल्टेजची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ राहिली.

कॉम्प्युटरविषयीच्या त्या मासिकात अशा वस्तूंची परीक्षणं तोच लिहायचा. कुठलीही वस्तू खोड काढल्याशिवाय त्याच्या हातून सुटत नसे, म्हणून ऑफिसात माघारी त्याला खोडकाढे म्हणत. त्याला हे ठाऊक होतं आणि त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती या पॉवर सप्लायबद्दल. आणि त्याहून जास्त, एका वाचकाबद्दल.

मासिकात खोडकाढेने लिहिलेली या सप्लायची पहिली ओळख छापून आली तेव्हा त्या वाचकाने तो लगेच विकत घेतला होता. तेव्हापासून त्याच्या मेल सुरू झाल्या. विषय दर वेळी एकच: ‘पुन्हा बंद’. खाली मजकूर, ‘आपण वाखाणलेला पॉवर सप्लाय आज संध्याकाळी पुन्हा बंद पडला.’ आणि शेवटी, ‘आपला, अजूनही, नियमित वाचक.’ त्या ‘अजूनही’च्या दोन्ही बाजूंचे स्वल्पविराम खोडकाढेला टोचायचे.

संपादकबाई दारातून डोकावल्या.

“झालं का?”

“नाही.”

“काही सापडलं?”

“नाही.”

“मग झालंच की.”

“एका माणसाकडे रोज बंद पडतोय. का पडतोय ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही.”

“अरे, सगळ्या जगाचा चालतो, एकाचा बंद पडतो. खोट कुणात असेल?” बाईंनी हातातले कागद दुसऱ्या हातात घेतले. “अंक छपाईला जायचाय. तुझं पान कोरं सोडू का? मधोमध लिहू, परीक्षक रुसले आहेत?”

त्या गेल्यावर खोडकाढेने वाचकाला फोन लावला आणि केबली नीट बसल्या आहेत का, असं शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं.

“अहो, जन्मभर पूल बांधले मी,” पलीकडून आवाज आला. “माझ्या पुलांवरून आगगाड्या जातात. आणि मला केबल खोचता यायची नाही?”

“तसं नाही, काका...”

“तसंच आहे. या तुम्ही. डोळ्यांनी बघा.”

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी खोडकाढे मीटर आणि केबलींची पिशवी घेऊन तीन जिने चढून त्या दारापाशी उभा राहिला. लिफ्ट बंद होती. दार काकूंनी उघडलं. लहानखुऱ्या बाई, चष्मा कपाळावर सरकवलेला.

“या. ते आत आहेत,” त्या म्हणाल्या आणि बाजूला होताना हळूच पुढे म्हणाल्या, “आतच असतात.”

आतल्या खोलीत काका पडद्यासमोर बसले होते. पडद्यावर एका खोल दरीवर एक पूल होता. हा पूल त्यांनी नोकरीत असताना आखला होता. मंजूरही झाला होता आणि मग कुणीतरी वरच्या वर तो रद्द केला. निवृत्त झाल्यापासून ते तो कॉम्प्युटरवर बांधत होते, एकेका बोल्टपासून. सकाळचं ऊन, दुपारचं ऊन, धुकं. एकेक चित्र तयार व्हायला कॉम्प्युटरला अख्खा दिवस लागायचा.

“आणि संध्याकाळी हा तुमचा पठ्ठ्या मान टाकतो. दिवसाची मेहनत पाण्यात.”

“माझा नाही तो, काका. मी फक्त तपासला.”

“तपासलात म्हणूनच घेतला ना मी.”

खोडकाढेने कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडली. आत नजर टाकताच त्याला वाईट वाटलं, कारण केबली अगदी बिनचूक बसवलेल्या होत्या, पट्ट्यांनी बांधून, वळणं सारखी करून. त्याने स्वतः याहून बरं काम केलं नसतं. तरीही त्याने एकेक उपटली, आणलेली खोचली, मीटर लावला आणि कॉम्प्युटर सुरू केला. काकांनी धुक्यातला पूल पुन्हा करायला टाकला. दोघं वाट बघत बसले.

वाट बघताना काका बोलत नव्हते. पडद्यावर चित्र वरून खाली उलगडत होतं, ओळीमागून ओळ, आणि ते तिकडे पाहत होते. काकू चहा ठेवून गेल्या. काका “हं” म्हणाले. चहावर साय धरली. काकू पुन्हा येऊन म्हणाल्या, “धाकटीचा फोन होता. तिच्या घराचं रंगकाम झालं.” काका “हं” म्हणाले. काकू तशाच दोन क्षण उभ्या राहिल्या, तेव्हा खोडकाढेनेच विचारलं, “कोणता रंग दिला?” आणि त्याला आपण मध्ये तोंड घातल्यासारखं वाटलं.

“पिवळा म्हणते,” काकू म्हणाल्या आणि बशी उचलून गेल्या.

मीटरवरचे आकडे जागचे हलत नव्हते. दुपार कलली. खोडकाढेचा एक पाय बधिर झाला. सप्लायच्या पंख्याचा आवाजसुद्धा येत नव्हता, इतका तो शांत चालत होता. परीक्षणात त्याने त्याबद्दल खास वाक्य लिहून ठेवलं होतं. ते आत्ता आठवून त्याने दात आवळले. काहीच न बिघडणाऱ्या वस्तूसमोर बसून ती बिघडायची वाट बघणं याहून मूर्ख काम जगात नसेल.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं आणि पडदा काळा झाला.

“बघा,” काका म्हणाले. ते ताडकन उठले होते. “बघितलंत ना?” त्यांच्या आवाजात राग होता, पण चेहरा चांगलाच खुलला होता. खुर्ची मागे ढकलून ते खोलीबाहेर गेले. “अगं, पडला बघ बंद. यांच्यादेखत पडला.”

खोडकाढे मीटरकडे वाकला. आणि तेवढ्यात त्याच्या पाठीमागे, कोपऱ्यातल्या स्टुलावरचा प्रिंटर घरघरला. आतला दांडा डावीकडून उजवीकडे गेला, परत आला, हिरवा दिवा लुकलुकला. वीज नव्याने मिळाली की प्रिंटर जसे आळस देऊन उठतात, तसा तो उठला.

खोडकाढेने मान वळवून प्रिंटरच्या वायरीचा माग काढला. ती कॉम्प्युटरला गेली नव्हती. भिंतीतल्या दुसऱ्याच प्लगात गेली होती. म्हणजे वीज खोलीतल्या सगळ्याच प्लगांची गेली होती.

तो सावकाश उठला. काका कधी इथे थांबून हे पाहत नसणार. ते रोज असेच ताडकन बाहेर जात असणार.

बाहेरच्या अरुंद बोळात, स्वयंपाकघराच्या दाराला लागून, विजेच्या खटक्यांची पेटी होती. स्वयंपाकघरात काका स्टुलावर बसून तावातावाने बोलत होते. कंपन्यांवर, मासिकांवर, हल्लीच्या पोलादावर. मग गाडी कुठल्याशा जुन्या साहेबावर घसरली, ज्याला बिडातला आणि पोलादातला फरक कळत नव्हता. काकू भाजी चिरत होत्या.

“मग तुम्ही काय म्हणालात त्याला?” त्या विचारत होत्या.

“मी काय म्हणणार? म्हटलं, साहेब, तुम्ही आधी त्याच्यावरून चालून दाखवा.”

काकू हसल्या. ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदा ऐकली नसावी, पण त्या हसल्या मनापासून. काका आणखी रंगात आले. मग मध्येच काही आठवून म्हणाले, “थांब, यांना बिल दाखवतो. तारखेसकट,” आणि खोडकाढेला ओलांडून आत गेले.

खोडकाढेने पेटीचं झाकण उघडलं. प्रत्येक खटक्याखाली काकांच्या रेखीव अक्षरातली चिठ्ठी होती. दिवाणखाना. स्वयंपाकघर. कामाची खोली, प्लग. त्याने त्या शेवटच्या खटक्यावर बोट ठेवलं आणि काकूंकडे पाहिलं.

सुरी थांबली.

“एकदाच खाली करते,” काकू हळू आवाजात म्हणाल्या. “लगेच वर.”

खोडकाढेने खटक्यावरून बोट काढलं.

“त्याने काही बिघडत नाही ना? मला तेवढीच धास्ती होती.”

“नाही बिघडत. चांगला आहे तो.”

“मलाही वाटलंच.” त्यांनी चिरलेली भाजी सुरीने एका बाजूला केली. “बंद पडला की बाहेर येतात. तासभर बसतात इथे. चिडून का होईना, बोलतात. परवा चिडता चिडता आमच्या पहिल्या घराबद्दल बोलले. त्या घरात न्हाणीघराचं दार लागायचं नाही, ते. मी विसरूनसुद्धा गेले होते.”

खोडकाढेच्या डोळ्यांसमोरून सगळं सरकून गेलं. गरम पेटी, भिंग, ‘अजूनही’चे स्वल्पविराम, संपादकबाईंचं कोरं पान. बाई, तुमच्या या एका खटक्यापायी, असं वाक्य त्याच्या ओठांवर तयार झालं. तोंडही उघडलं. पण काका बिल घेऊन परत आले होते.

“काय निघालं? सप्लायच ना?”

न तपासलेलं वाक्य खोडकाढेने आजवर कुणाला ऐकवलं नव्हतं. त्याने पेटीचं झाकण लावलं.

“इथे बसून सांगता यायचं नाही, काका. न्यावा लागेल.”

“कुठे?”

“ऑफिसात. सगळ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतील.”

“किती दिवस?”

“पंधरा. जास्तही लागतील.”

“आणि तोवर माझा पूल?”

“तो काही पडत नाही,” खोडकाढे म्हणाला आणि आपल्या आवाजातला तुटकपणा त्याचा त्यालाच जाणवला.

काका त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “माळ्यावर माझा जुना सप्लाय आहे. तोवर तो लावतो.”

“तो मी देऊन टाकला,” काकू भाजीवरून मान न उचलता म्हणाल्या.

“कधी?”

“मागेच.”

“मला न विचारता?”

“विचारलं होतं. तुम्ही हं म्हणालात.”

खोडकाढेने आत जाऊन स्क्रू काढले. मॉड्युलर असल्याचा एवढा फायदा त्याने आजवर घेतला नव्हता: स्वतःच्या केबली काढून पिशवीत टाकल्या, काकांच्या पुन्हा जागच्या जागी बसवून ठेवल्या, आणि नुसतं धूड उचलून तो निघाला. जिना उतरताना ते चांगलंच जड लागलं. तिसऱ्या मजल्यावरून काकांचा आवाज येत होता; जुन्या सप्लायची हकिगत पहिल्यापासून पुन्हा विचारली जात होती आणि काकू सावकाश, एकेक करून, सगळ्याची उत्तरं देत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याने परीक्षण पुरं केलं. शेवटची ओळ होती, ‘कोणताही दोष आढळला नाही.’ खाली सही केली. संपादकबाईंनी कागद दोनदा वाचला.

“तुझ्या हातचं हे वाक्य मी पहिल्यांदाच बघतेय. त्या वाचकाचं काय मग?”

“त्यांचा वेगळा तपासतोय.”

“कुठे तपासतोयस? मांडणीवर तर पडलाय.”

“गार होऊ देतोय.”

बाईंनी तोंड उघडलं, पण पान भरलं होतं, म्हणून त्या गेल्या.

सप्लाय मांडणीवर राहिला. त्याच्यावर ‘तपासणी चालू आहे’ अशी चिठ्ठी लावून खोडकाढे इतर कामांना लागला. नवी मेल आली नाही. सकाळी ऑफिसात आल्या आल्या त्याची नजर मेलच्या यादीवरून एकदा फिरायची, आणि ‘पुन्हा बंद’ दिसला नाही की त्याला बरंही वाटायचं आणि चुकल्यासारखंही.

अंक बाजारात आला त्या संध्याकाळी काकांचा फोन आला.

“अंक वाचला.”

“हो, काका.”

“निर्दोष छापलंय तुम्ही.”

“हो.”

“सही तुमचीच आहे.”

“माझीच.”

“आणि माझा अजून तपासताय.”

खोडकाढेने क्षणभर डोळे मिटले. “हो.”

पलीकडे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला, काकूंनी काहीतरी विचारलं. काकांनी फोन तोंडापासून दूर धरून सांगितलं, “आलो गं, दोनच मिनिटं. तू बस.” मग ते परत फोनवर आले. आवाज नेहमीसारखाच खरखरीत होता.

“मग नीट तपासा. कधी संपेल तेव्हा संपेल. उगाच घाई करून परत पाठवू नका.”

“नाही पाठवत.”

“मागच्या वेळी घाई केलीत,” काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

खोडकाढे थोडा वेळ फोन हातात धरून बसला. घाई त्याने जन्मात कधी केली नव्हती. मग त्याने टेबलाखालचं पुढचं खोकं ओढलं आणि त्यावरची चिकटपट्टी कापायला घेतली.