दोनची रेघ

बाळांनो, अशी कल्पना करा की सरबत प्यायची बारीक नळी तुमच्या तोंडात आहे, नाक चिमटीत दाबलेलं आहे आणि फक्त त्या नळीतून श्वास घेत तुम्ही जिना चढताय. खरंच करून बघू नका बरं, नुसती कल्पना करा. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत जीव घाबरा होईल. मुंगीच्या आजोबांना खुर्चीतून उठून पलंगापर्यंत जातानाच तसं व्हायचं.

मुंगी म्हणजे दहा वर्षांची एक मुलगी. सतत इकडून तिकडे धावते म्हणून आजोबांनीच तिला हे नाव ठेवलं होतं. आजोबा वेल्डर होते. पूल, टाक्या, जहाजांचे पत्रे त्यांनी गॅसच्या ज्योतीने कापले होते, जोडले होते. त्या कामाचा धूर आणि वर सिगारेटचा धूर, दोन्ही त्यांच्या फुप्फुसांना वर्षानुवर्षं पोखरत गेले. आता पलंगाशेजारी एक यंत्र घुरघुरत असे. ते खोलीतल्या हवेतून प्राणवायू वेगळा काढायचं आणि बारीक नळीने आजोबांच्या नाकात सोडायचं.

हा प्राणवायू आपल्या शरीरात करतो तरी काय? आपण खातो ते अन्न आत ज्योतीवाचून, सावकाश जळत असतं. चालायला, हसायला, विचार करायला लागणारं बळ त्यातूनच येतं, आणि हे जळणं प्राणवायूवर चालतं. तो कमी पडला की ओठ निळसर पडतात, पाय लटपटतात, साधा विनोदसुद्धा शेवटापर्यंत सांगता येत नाही. आजोबांचे विनोद हल्ली अर्ध्यावरच राहायचे. मुंगी तरीही हसायची.

यंत्राच्या पुढच्या बाजूला काचेची एक उभी नळी होती आणि तिच्यात छोटी गोळी तरंगायची. बटण फिरवलं की गोळी वर चढायची. ती दोनच्या रेघेवरच ठेवायची, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला जायची. शाळा सुटल्यापासून ती परत येईपर्यंत घरात मुंगी आणि आजोबा, दोघंच.

एका दुपारी आजोबांनी मुंगीला बटण थोडं फिरवायला सांगितलं. मुंगी नाही म्हणाली. मग त्यांनी थांबत थांबत समजावलं, की हाच वायू त्यांनी जन्मभर हाताळला होता. ज्योत आळसावली की थोडा वाढवायचा, लगेच तरतरी येते. डॉक्टरीणबाईंनी कधी पत्र्याचा डबा तरी कापलाय का? मुंगीला हसू आलं. पण पुढचं ते थट्टेत बोलले नाहीत.

"मुंगे, मला एकदा... पूर्ण बोलायचंय. मधे... न थांबता."

मुंगीने बटण फिरवलं. गोळी पाचवर गेली.

थोड्याच वेळात आजोबांची नखं गुलाबी झाली. मग त्यांनी पुलाखाली दोराला लटकून काम करतानाची गोष्ट सांगितली. त्यांचा जेवणाचा डबा नदीत पडला, तो खाली गळ टाकून बसलेल्या माणसाला सापडला, आणि त्याने जेवण फस्त करून डबा घासूनपुसून, दोराला बांधून वर पाठवला. गोष्ट शेवटापर्यंत झाली, कुठेही न अडता. दोघंही पोट धरून हसले. मग आजोबांच्या पापण्या जड झाल्या. हसून दमले असतील, असं मुंगीला वाटलं. तिने त्यांना चादर घातली, रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडकी लावली आणि चवड्यांवर चालत जाऊन अभ्यासाला बसली.

आई आली. तिने हाका मारल्या, खांदे हलवले. आजोबा उठले नाहीत.

दवाखान्यात आईने विचारण्याआधीच मुंगी म्हणाली, "मी फिरवलं." आई ओरडली नाही. ती बाकावर मटकन बसली, आणि मुंगीला ओरडण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

डॉक्टरीणबाई मुंगीसमोर उकिडव्या बसल्या. त्यांनी सांगितलं की श्वास आत घेणं हे निम्मंच काम. वापरून झालेली हवा बाहेर टाकणं हे उरलेलं निम्मं. आजोबांसारख्या फुप्फुसांना ते नीट जमत नाही. अशा फुप्फुसांना प्राणवायू प्रमाणाबाहेर मिळाला, तर त्यांचं बसलेलं गणित बिघडतं, नको ती हवा रक्तात साठते आणि माणसाला गुंगी येते. म्हणून कमी नाही, जास्तही नाही. आजोबा जागे होतील, असं त्या म्हणाल्या. फुप्फुसं पुन्हा चांगली होतील का, असं मुंगीने विचारलं, तेव्हा त्यांनी खोटं सांगितलं नाही.

घरी आल्यापासून आजोबा पलंगावरच असायचे. खुर्ची आता रिकामी राहू लागली. आईला कामावर जाणं भाग होतं. निघताना तिने मुंगीचे दोन्ही हात धरले. "तुझ्याशिवाय मला कुणी नाही गं," एवढंच म्हणाली.

त्या दुपारी आजोबांनी पुन्हा बटणाकडे बोट केलं.

"थोडंसं..."

"नाही, आजोबा."

"मग बोलू... कसा?"

"नका बोलू," मुंगी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड फिरवलं. मुंगीने हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही.

मग ती पलंगावर चढली, त्यांच्या मागे आडवी झाली आणि त्यांच्या पाठीवर तळहात ठेवला. पाठ फुगली की ती श्वास घेई, पाठ आत गेली की सोडी. त्यांच्याइतकाच तोकडा, त्यांच्याइतकाच अडखळत.