हेलिकॉप्टरचं मिशन

तो गुंडाचा गेम येऊन किती वर्षं झाली, पण आमच्या अकोटात तो म्हातारा व्हायला तयार नाही. सरफराजभाईंच्या सायबर कॅफेत मी लोकांचे फॉर्म भरून देते. दुसरे गेम आले नि गेले. बाप्ये मात्र अजून त्याच गुंडाला त्याच रस्त्यांवर पळवतात. गाडी चोर, माणूस उडव, पोलीस मागे लागले की खिदळ. कापसाला भाव नाही, जिनिंगची गिरणी अर्धा वेळ बंद, पण जाब विचारायला एकही उठणार नाही. सगळी मर्दुमकी माउसवर. मेलं की दवाखान्याच्या दारात पुन्हा धडधाकट उभं. असला सोयीचा जन्म कोण सोडेल?

मला त्यांची कीव येत नाही, संताप येतो.

त्या रविवारी सकाळी एक नवा माणूस आला. तेल लावून बसवलेले केस, घडीचा शर्ट. "थोडा टाइमपास करतो जी," म्हणाला आणि अर्थातच तोच गेम लावला. हेलिकॉप्टरच्या मिशनला अडकला. तिथे सगळेच अडकतात. खेळण्यातलं हेलिकॉप्टर उडवून इमारतीत बॉम्ब ठेवायचे असतात. याचं सारखं भिंतीवर आपटत होतं. शेवटी माझ्यापुढे हात जोडले.

"ताई, एवढं उडवून द्या न. मले हे बटनं समजूनच नाई राहिले. आमी संत्र्यावाले, बगीच्यातले मानसं, कम्प्युटर कुठी येते आमाले!"

मी उडवून दिलं. "लय उपकार झाले, ताई," म्हणाला आणि बंदूक काढून शहरभरच्या पोलिसांवर धावून गेला.

दुपारी घरी मला पाहायला पाहुणे यायचे होते. माझे बाबा, सहदेव, स्वतःच्या मळ्यातली भाजी विकतात. पण मुलगी शेतकऱ्याच्या घरी द्यायची नाही असं हल्ली सगळ्यांनीच ठरवलंय. "पोरगा नोकरीवाला हाय, दीपमाला," त्यांनी मला बजावलं. "या खेपेले तुह्यं 'नाई' चालनार नाई."

पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर समोर तोच! मला पाहून त्याने मान खाली घातली.

"आमचा गोपाल अमरावतीले कम्प्युटरच्या कामावर हाय," त्याचे मामा खुशालराव सांगत होते. "सारं हापिस याच्याच हातानं चालते."

शेतीची मला लाज नाही, मेथीच्या जुड्या बांधतच मी मोठी झाले. सकाळचं 'आमी संत्र्यावाले' तो इथे म्हणाला असता तर मी खरंच विचार केला असता. म्हणून मीच त्याला वाट करून दिली.

"तुमी काम काय करता?"

त्याने मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "सांगतलं न पोरी, कम्प्युटर."

"मी त्यायले विचारून राहिली."

"मामा म्हन्ते तेच," गोपाल पोह्यांकडे बघत बोलला.

सकाळी पोलिसांच्या फौजेवर धावून जाणारा वाघ हा! मामाच्या मिशीला भ्याला.

बाबा खूश. "पसंत हाय आमाले! माणिक, कुंकू आन." आई करंडा घेऊन आलीसुद्धा. मला विचारायचं कोणाच्या ध्यानात नव्हतं.

"थांबा, बाबा," मी म्हटलं. "यायनं मले आज सकाळी ताई म्हटलं."

आईचा हात तिथेच थांबला. "अवं माय! कुठी?"

"सरफराजभाईच्या कॅफेत. गेमातलं हेलिकॉप्टर माह्याकडून उडवून घेतलं. कम्प्युटरचे बटनं समजत नाई म्हने, संत्र्यावाले हाओत."

"खोटं बोलते पोरगी!" मामा ओरडले.

बाबांनी गोपालला विचारलं, "म्हटलं का तुमी?"

या वेळी त्याने मामांकडे पाहिलं नाही. "हो. म्हटलं."

आमच्या घरात तो स्वतःचं म्हणून बोलला, ते तेवढंच. आई करंडा घेऊन आत गेली. बाबा चपला शोधायला लागले, पाहुण्यांना फाटकापर्यंत तरी सोडावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सरफराजभाईंनी सांगितलं, की तो एसटीची वेळ होईपर्यंत पुन्हा कॅफेत येऊन बसला होता. तेच मिशन, यावेळी कोणाची मदत न घेता.

"जमलं?" मी विचारलं.

"कायचं जमते! गिरलं की पुन्हा चालू, गिरलं की पुन्हा चालू. गाडी निघून गेली, तरी उठेना."

बसा म्हणावं. तिथे हवं तितक्यांदा सुरू करता येतं. आमच्या घरात मी एकदाच विचारते.