अव्वा घर बघायला निघाली

एसटीत अव्वा खिडकीशी बसली होती आणि तिचे हात काही एका जागी राहत नव्हते. चादरींचे गोंडे वळून वळून बोटांना सवय लागलेली. आज हातात चादर नव्हती, तर ती पदराचंच टोक पिळत होती. शेजारी तिची मुलगी शरणम्मा. मागच्या बाकावर मुलगा सिदू, गिरणीतून रजा टाकून आलेला, आणि सोलापूर सुटल्यापासून एक शब्द न बोललेला.

तिघं मैंदर्गीला चालले होते. तिथले किराणा दुकानदार वीरभद्रप्पा विधुर होते. शरणम्माच्या सासऱ्यांच्या ओळखीतून त्यांनी अव्वाला उडकीचं, म्हणजे दुसऱ्या लग्नाचं विचारलं होतं. सिदूचा बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. अव्वानं हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. "घर बघते, माणूस बघते. तुमी दोघं संगं चला," एवढंच म्हणाली होती.

अक्कलकोटला गाडी बदलायची होती. मैंदर्गीची एसटी लागली. शरणम्मा पिशवी घेऊन चढलीसुद्धा. सिदू मात्र खालीच उभा राहिला.

"मी येत न्हाय. तुमी जावा."

"आरं, तितं माणूस वाट बघतोय की!" शरणम्मा दारातून ओरडली.

"बघू दे. गिरणीत पोरं विचारत्यात, आईचं लगीन कवा? काय सांगू त्यांना?"

कंडक्टरनं घंटी मारली. अव्वानं हातानंच शरणम्माला खाली बोलावलं. एसटी धूळ उडवत निघून गेली. आता पुढची एकदम दुपारी.

आपलं खरं झालं असं सिदूला वाटलं, पण बरं वाटेना. तो स्टँडच्या फाटकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. अव्वानं कट्ट्यावर फडकं सोडलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

"बस. खा."

तो बसला. "आमी काय कमी केलं तुला, अव्वा?"

"कमी काय न्हाय केलं. तू पाळीवर जातोस, ही सासरी. दिवे लागले की घरात मी एकटी. शेजारी भांडण झालं तरी बरं वाटतंय मला, माणसाचा आवाज येतोय म्हणून." तिनं भाकरी त्याच्यापुढं सरकवली. "मलाबी लई भ्या वाटतंय, सिदू. एकटीनं जायाला धीर हुईना, म्हणून तर तुला आणलं."

आपल्याला परवानगीसाठी आणलंय असंच सिदू धरून चालला होता.

"मला बघायला आले तवा तूच सांगितलंस, खाली मान घालून बस," शरणम्मा म्हणाली. "मान घातली, तर सासऱ्याच्या मोज्याला हे एवढं भोक! हसू आवरंना मला."

"म्हणून फिदीफिदी हसत हुतीस व्हय?" अव्वाला ठसका लागला. सिदूही हसला. त्यानंच उठून पाणी आणलं.

दुपारच्या गाडीनं ते पोचले. वीरभद्रप्पा सकाळपासून मैंदर्गीच्या स्टँडवरच उभे होते. कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. घरी गेल्यावर त्यांनी स्वतःच चहा केला. अव्वा काही बसेना. चूल बघितली, परस बघितलं, न्हाणीत डोकावली, मग चौकट धरून तिनं विचारलं,

"पोरांकडं जायाचं झालं तर तुमाला इचारावं लागंल का?"

"इचारू नका, सांगून जावा," ते म्हणाले. "न्हाईतर मी जेवायचा थांबून राहीन."

सिदू घरभर खोट शोधत होता. परतीच्या गाडीत म्हणाला, "चहात लई गूळ घालतोय तो."

"व्हय, घालतोय."

"तू गेलीस की सांग त्याला." बोलून गेल्यावर तो स्वतःच चपापला. अव्वानं त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, लहानपणी घ्यायची तसा.

वैशाखात उडकी झाली. सिदू तिला पोचवून आला, "रविवारी येतो" असं सांगून. पण घरात त्याला बसवेना की निजवेना. कामावर धागा तुटायचा आणि जोडायचं भान राहायचं नाही. गुरुवारीच त्यानं मैंदर्गीची गाडी धरली.

दार वीरभद्रप्पांनी उघडलं. का आलास, काही विचारलं नाही. आत वळून म्हणाले, "अजून एक ताट वाढा."